हमीपत्रावर सही करण्याआधी

कोल्हापुरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सासऱ्यांनी उभा केलेला चपलांचा धंदा आता त्या पाहतात. तळ कापणं, ठोकणं आणि वादीची शिलाई सुभाषनगरातल्या शेडमध्ये होते. वेणी आणि गोंड्याचं काम आसपासच्या बायका घरी नेऊन करतात. लंडनच्या एका खरेदीदाराची पहिली मोठी ऑर्डर आली आहे आणि तिच्यासोबत 'सप्लायर कोड ऑफ कंडक्ट' नावाचं जाडजूड हमीपत्र. बालमजूर नाहीत, सक्तीची मजुरी नाही, किमान वेतन दिलं जातं, काम बाहेर दिलं जात नाही, असं सगळं त्यात लिहून द्यायचं आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. हे ब्रिटनबरोबरच्या मुक्त व्यापार करारामुळे आलं का? बाकीचे डोळे झाकून सही करतात, तशी करावी का? आणि आपला माल अडवायची ही गोऱ्यांची नवी युक्ती तर नाही?

ताई, मी कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या लहान कारखानदारांची निर्यातीची कागदपत्रं आणि ऑडिटची तयारी बघते. चप्पल, कास्टिंग, कापड, गूळ, सगळीकडे सध्या हेच कागद फिरताहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हमीपत्र करारामुळे आलेलं नाही. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. ब्रिटनचा 'मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट' त्याच्या दहा वर्षं आधीचा, २०१५ चा आहे. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीनं आपल्या पुरवठ्याच्या साखळीत गुलामी किंवा सक्तीची मजुरी होऊ नये म्हणून काय पावलं उचलली, याचं निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावं, असं त्याचं कलम ५४ सांगतं. तुमचा खरेदीदार तेवढा मोठा नसेलही, पण तो ज्या मोठ्या दुकानांना माल देतो त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं आहे, आणि त्यानं तोच कागद तुमच्याकडे सरकवला आहे. करार झाला नसता तरी हा कागद आलाच असता.

मग करारात कामगारांच्या हक्कांचं काहीच नाही का? आहे. भारत-ब्रिटन करारात कामगारविषयक प्रकरण आहे, स्त्री-पुरुष समानतेवर आहे, पर्यावरणावरही आहे. आपल्यासाठी हे नवीन आहे. २०२२ साली लागू झालेले अमिराती आणि ऑस्ट्रेलियाबरोबरचे करार उघडून पाहिलेत तर कामगार हक्कांचं असं स्वतंत्र प्रकरण सापडणार नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या 'एफ्टा' गटाशी १० मार्च २०२४ ला जो करार झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात भारतानं पहिल्यांदा व्यापार आणि शाश्वत विकास असं प्रकरण मान्य केलं. पण या प्रकरणांना तंटा सोडवण्याची यंत्रणा लागू नाही. एका देशाला वाटलं की दुसरा कामगार कायदे पाळत नाही, तर चर्चेला बसता येतं, पत्र लिहिता येतं. लवाद नेमून शुल्कसवलत काढून घेता येत नाही. तेव्हा करारातल्या कामगार-प्रकरणामुळे तुमचा कंटेनर उद्या लंडन गेटवे बंदरात अडकेल ही भीती सोडून द्या.

भारत या बाबतीत इतका सावध का, तेही जाणून घ्यावं, कारण तुमचा तिसरा प्रश्न तिथूनच येतो. जागतिक व्यापार संघटनेत कामगार मानकांची अट घालावी असा श्रीमंत देशांचा आग्रह नव्वदीच्या दशकात जोरात होता. भारतासह अनेक विकसनशील देशांनी तो हाणून पाडला. १९९६ च्या सिंगापूर जाहीरनाम्यात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या: कामगार मानकं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं काम आहे, आणि या मानकांचा वापर संरक्षणवादासाठी होता कामा नये. स्वस्त मजुरी हा गरीब देशाचा व्यापारातला एकमेव फायदा. तोच मानवाधिकाराचं नाव घेऊन काढून घ्यायचा, ही शंका तेव्हा खोटी नव्हती आणि आजही पूर्ण खोटी नाही.

युरोपचं वळण वेगळं. तिथं मानवाधिकाराचं कलम करारातच घालायची पद्धत आहे, आणि गंमत म्हणजे त्यावरचा गाजलेला खटला भारताबरोबरच्या कराराचाच आहे. १९९४ पासून लागू असलेल्या युरोप-भारत सहकार्य कराराच्या पहिल्याच कलमात मानवाधिकार आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा सहकार्याचा पाया म्हटला आहे. असं कलम घालायचा अधिकार युरोपीय समुदायाला नाही, म्हणून पोर्तुगाल न्यायालयात गेला. डिसेंबर १९९६ मध्ये युरोपच्या न्यायालयानं पोर्तुगालचा अर्ज फेटाळला. मुक्त व्यापाराची बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, जून २०२२ ला परत सुरू झाली आणि २७ जानेवारी २०२६ ला ती पूर्ण झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं. इतकी वर्षं जाण्याचं मुख्य कारण मोटारी, दारू, औषधं, शेतमाल असल्या गोष्टी. पण कामगार आणि पर्यावरणाच्या अटी हाही अडलेला मुद्दा होता.

जिथं कराराला दात आहेत तिथं काय झालं? अमेरिका आणि मध्य अमेरिकी देशांमधल्या व्यापार कराराखाली अमेरिकी आणि ग्वाटेमालातल्या कामगार संघटनांनी २००८ साली तक्रार केली की ग्वाटेमाला आपलेच कामगार कायदे राबवत नाही. लवादाचा निकाल लागला जून २०१७ ला, नऊ वर्षांनी. आणि तो अमेरिकेच्या विरुद्ध गेला. कायदे काही ठिकाणी राबवले गेले नाहीत हे लवादाला दिसलं, पण त्याचा व्यापारावर परिणाम झाला हे पुरेसं सिद्ध होईना. कामावरून काढलेल्या माणसाचा हक्क व्यापाराच्या तराजूत तोलला की असं होतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. व्यापार करार हा मुळात मालाचा करार आहे. त्यात माणूस आला तरी मालाच्या मागून येतो.

उलट उदाहरणंही आहेत. दक्षिण कोरियानं संघटना स्वातंत्र्याची वचनं पाळली नाहीत म्हणून युरोपनं करारातली यंत्रणा वापरली. जानेवारी २०२१ ला तज्ज्ञ समितीनं अहवाल दिला आणि त्याच वर्षी कोरियानं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे २९, ८७ आणि ९८ क्रमांकाचे ठराव स्वीकारले. दंड नव्हता, शुल्क नव्हतं, तरी हललं. मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडाच्या २०२० च्या करारात तर एका कारखान्यापुरती झटपट तक्रार करायची सोय आहे. सिलाओ गावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातल्या मतदानाबद्दल २०२१ ला तिचा वापर झाला, आणि पुढच्या वर्षी तिथल्या कामगारांनी स्वतःची स्वतंत्र संघटना निवडली. भारतानं अजून ८७ आणि ९८ हे दोन ठराव, म्हणजे संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क, स्वीकारलेले नाहीत. बालमजुरीवरचे १३८ आणि १८२ मात्र २०१७ मध्ये स्वीकारले.

आणखी एक रस्ता म्हणजे गरीब देशांना आपणहून दिलेली एकतर्फी शुल्कसवलत काढून घेणं. श्रीलंकेची युरोपातली 'जीएसपी प्लस' सवलत ऑगस्ट २०१० ला मानवाधिकारांच्या कारणावरून गेली, ती मे २०१७ ला परत मिळाली. कंबोडियाची साधारण पाचव्या हिश्श्याच्या निर्यातीवरची सवलत ऑगस्ट २०२० ला गेली. कारण तिथल्या राजवटीनं विरोधी पक्ष आणि संघटनांवर टाच आणली होती. चूक सरकारची, आणि शुल्क वाढलं ते कपडे, बॅगा आणि पादत्राणं शिवणाऱ्या बायकांच्या मालावरचं. शिक्षा कुणाला आणि चटका कुणाला, हा प्रश्न या रस्त्यावर नेहमी उरतो. म्हणून सरसकट बहिष्काराची भाषा मला पटत नाही.

तुम्ही खरं लक्ष द्यावं असे कायदे आता सीमाशुल्काच्या दारावर आलेत. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्याचं कलम ३०७ सक्तीच्या मजुरीच्या मालाला आयातबंदी करतं. त्यावर २०२१ ला उइघुर कायदा आला, तो २१ जून २०२२ पासून लागू आहे: चीनमधल्या शिनजियांगचा कुठलाही धागा मालात असला तर तो सक्तीच्या मजुरीचाच, असं आधी गृहीत धरायचं आणि तसं नाही हे आयातदारानं सिद्ध करायचं. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना सुताच्या गाठीपर्यंतची बिलं मागितली जातात ती यामुळेच. युरोपचा असाच नियम १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहे. तो कुठल्याही देशाच्या, कुठल्याही मालाला लागू आहे, आणि लहान उद्योगाला त्यातून सूट नाही. युरोपचा मोठ्या कंपन्यांसाठीचा 'ड्यू डिलिजन्स'चा, म्हणजे आपल्या पुरवठादारांची नीट तपासणी करण्याचा, कायदा पुढे ढकलला गेला, त्याची व्याप्तीही कापली गेली, म्हणून इथं काही लोक निर्धास्त झालेत. सक्तीच्या मजुरीवरची बंदी हा वेगळा कायदा आहे आणि तो जागेवर आहे. शिवाय अमेरिकेचं कामगार खातं बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीच्या मालाची जी यादी काढतं, तिच्यात भारताची पादत्राणं आहेत आणि ऊसही. परदेशातला खरेदीदार तुमचं नाव ऐकण्याआधी ती यादी पाहून बसलेला असतो.

तर ही गोऱ्यांची युक्ती आहे का? काही अंशी आहे. जोडीला चार पैसे वाढवून द्यायची वेळ आली की ज्यांचा आवाज बसतो, त्यांनीच चौदा-चौदा पानांची नीतिमत्ता पाठवावी, याचा राग येणं रास्त आहे. पण हक्काची कल्पना परदेशी आहे असं कुणी म्हणालं तर कोल्हापुरात तरी ते ऐकून घेऊ नये. वेठबिगारी बंद करायचे हुकूम याच संस्थानात शाहू महाराजांनी काढले. मार्च १९२० ची माणगाव परिषद आजच्या हातकणंगले तालुक्यात भरली, बाबासाहेब अध्यक्ष आणि महाराज हजर. पुढे संविधानाचं कलम २३ आलं: वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी. १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमीवर काम पत्करतो तेव्हा तीही कलम २३ खालची सक्तीची मजुरीच. ही व्याख्या ब्रिटनच्या कायद्यापेक्षा कडक आहे. लंडनचा माणूस जे मागतोय त्याहून जास्त आपलं संविधान आपल्याकडे आधीच मागतं.

आता सहीचं. डोळे झाकून करू नका. नकोच म्हणूनही ऑर्डर सोडू नका. आधी तुमची वही काढा.

मी 'वही' म्हणते कारण या धंद्यात सगळं वहीतच असतं. डाव्या बाजूला बाईचं नाव, मग तारीख, नेलेल्या जोडी, आणलेल्या जोडी, दर, आणि सगळ्यात उजवीकडे एक रकाना, ज्यावर नुसतं 'उ' लिहिलेलं असतं. उचल. मुलीच्या लग्नाला दहा हजार, नवऱ्याच्या दवाखान्याला पाच हजार, गणपतीला दोन. दर आठवड्याला कामाच्या पैशातून थोडी वजा होते आणि सणाला पुन्हा वाढते. वर्षानुवर्षं तो रकाना कोरा होत नाही. तुमच्या सासऱ्यांनी हे माणुसकीनं केलेलं असणार याबद्दल मला शंका नाही. अडल्या वेळेला बँक त्या बाईला दारात उभं करत नाही, तुम्ही करता. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीची जी अकरा लक्षणं सांगितलीत त्यात कर्जानं बांधलं जाणं हे एक आहे, आणि ऑडिटर पहिल्यांदा त्याच रकान्यावर बोट ठेवतो.

उचल देणं हा गुन्हा नाही. वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा पाहिलात तर फरक कुठं आहे ते कळेल: उचल फिटेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही, किंवा बाजारभावापेक्षा कमी दरानं करायचं, अशी अट आली की ते बांधील श्रम होतात. तेव्हा तुम्ही तीन कामं करा. उचलीचं खातं मजुरीच्या खात्यापासून वेगळं करा. प्रत्येक बाईला तिच्या नावाची छोटी पासबुकासारखी वही द्या, तिच्याच घरी राहील अशी. आणि एक साधा कागद करा, मराठीत, वाचून दाखवलेला: उचलीवर व्याज नाही, आठवड्याला अमुकपेक्षा जास्त कापणार नाही, आणि ती उद्या दुसऱ्या कारखानदाराकडे गेली तरी जाऊ शकते, शिल्लक रक्कम सवडीनं फेडेल. शेवटचं वाक्य लिहायला धंदेवाल्याला जड जातं. लिहाच. तेच वाक्य उचलीला बांधिलकीपासून वेगळं करतं.

(आपल्या जिल्ह्यात याहून मोठी उचल उसाच्या फडात आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमानं हंगामाआधी दिलेली उचल, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला परत यायची सक्ती. बीडकडून येणाऱ्या बायका पाळीसाठी खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशय काढून घेतात, हे २०१९ मध्ये उघडकीला आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. साखर, गूळ परदेशी पाठवणाऱ्यांनी ही गोष्ट 'ती मुकादमाची बाब आहे' म्हणून झटकू नये. खरेदीदारानं आज विचारलं नसेल, उद्या विचारेल. आणि त्यानं विचारलं नाही तरी ती चूकच आहे.)

दुसरी गोष्ट, दर. तुकड्यावर मजुरी असली तरी किमान वेतन लागू आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनं हा हक्क सगळ्या रोजगारांना दिला आहे. हिशेब घरीच करून बघा. एखाद्या सरावलेल्या बाईजवळ बसा, तिला घाई करायला लावू नका, आणि एका जोडीची वेणी घालायला लागणारा वेळ मोजा. समजा पाऊण तास लागला आणि दर ३० रुपये आहे, तर आठ तासांत साधारण ३२० रुपये होतात. वादी भिजवणं, निवडणं, माल नेणं-आणणं हा वेळही त्यात धरा, तो कुणी धरत नाही. मग कोल्हापूर ज्या परिमंडळात येतं तिथला त्या कामाचा चालू किमान दर कामगार कार्यालयातून घ्या आणि शेजारी ठेवा. कमी पडत असेल तर 'किमान वेतन देतो' या ओळीवर सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं. दर आधी वाढवा, सही नंतर.

दर वाढवायला पैसे कुठून आणायचे? खरेदीदाराकडून. हे मागायला आपले लोक लाजतात, म्हणून स्पष्ट सांगते. तुमच्या हिशेबाचा कागद, वेळ आणि दरासकट, त्याला पाठवा आणि सांगा की तुमच्याच अटी पाळायच्या तर जोडीमागे इतका फरक पडतो. करारामुळे शुल्क शून्य होतं तेव्हा जी बचत होते, ती आपोआप कारागिराच्या हातात येत नाही. आयातदार ती स्वतःकडे ठेवतो किंवा गिऱ्हाइकाला सवलत म्हणून देतो. त्यातला वाटा मागायची हीच वेळ आहे, पहिल्या ऑर्डरच्या दरावर बोलणी चालू असताना. दुसऱ्या ऑर्डरला तो दर 'ठरलेला' झालेला असतो.

तिसरी आणि तुमच्यासाठी सगळ्यात नाजूक ओळ: 'काम बाहेर दिलं जात नाही.' तुमच्याकडे ते दिलं जातं. ही ओळ कापड कारखान्यांसाठी लिहिलेली आहे, जिथं बाहेर दिलेलं काम म्हणजे ज्याचा पत्ता नाही असा दुसरा कारखाना. बांगलादेशातल्या राणा प्लाझाची इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळून १,१३४ माणसं गेली, तेव्हा अनेक कंपन्यांना आपला माल तिथं शिवला जातो हेच माहीत नव्हतं किंवा मान्य नव्हतं. त्यातून हे कलम कडक झालं. पण तुमच्या गल्लीत त्याचा परिणाम उलटा होईल. बायकांचं घरचं काम बंद करून शेडमध्ये आणा म्हटलं तर ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, अंथरुणावरची सासू आहे, त्या येऊ शकणार नाहीत. हक्काच्या नावानं त्यांचं काम जाईल. आणि खोटी सही केली तर त्या बायका कागदावरून पुसल्या जातील. मग त्यांच्या दराबद्दल, दुखापतीबद्दल, उचलीबद्दल कुणी विचारायचंच कारण उरत नाही. हे दोन्ही मला सारखंच वाईट वाटतं.

यावर मार्ग आहे, आणि तो खरेदीदाराच्याच जगातला आहे. कापड आणि पादत्राणांसाठी 'ओईसीडी' या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेनं २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. घरून काम करणाऱ्यांवर त्यांत स्वतंत्र भाग आहे आणि त्याचा रोख त्यांना तोडण्यावर नाही, त्यांना नोंदीत आणून त्यांची स्थिती सुधारण्यावर आहे. तेव्हा त्याला लिहा: आमच्या मालातलं वेणीचं काम परंपरेनं घरी होतं, ही त्या बायकांची यादी, हा दर, ही वही, तुमच्या कलमात 'अघोषित' हा शब्द घाला, म्हणजे 'अघोषित काम बाहेर दिलं जाणार नाही' असं होईल. एका शब्दाची दुरुस्ती आहे. समंजस खरेदीदार ती मान्य करतो, कारण खोटं निघालं तर त्याचंही निवेदन खोटं ठरतं.

मुलांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं बंद आहे. घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात मदत केली तर कायदा हरकत घेत नाही. पण खरेदीदाराच्या हमीपत्रातली व्याख्या यापेक्षा कडक असू शकते आणि तुमच्यावर बंधनकारक तीच. मुलानं आजोबांशेजारी बसून वादी ओढायला शिकणं आणि ऑर्डरची मुदत गाठायला रात्री बसणं यातला फरक सगळ्यांना कळतो. रापी, आरी आणि सोल्यूशनच्या डब्यापासून मात्र मुलं लांबच हवीत, कायदा काही म्हणो.

फौंड्रीवाल्यांचं चित्र वेगळं आहे, तरी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्याकडेही बाहेरून पॉलिशला तरुण कामगार येत असतील. एका कारखान्यात ऑडिटआधी मी गेले तेव्हा हजेरी चोख होती, पीएफच्या पावत्या चोख होत्या, मोल्डिंगच्या पोरांना मास्क होते. मग ठेकेदाराच्या टेबलाचा खण उघडला. आत रबर लावलेला एटीएम कार्डांचा गठ्ठा, प्रत्येकावर चिकटपट्टीनं नाव: बिहार, ओडिशाकडून आलेल्या मुलांची. पगार बँकेत जमा व्हायचा, मालकाची नोंद निर्मळ राहायची, आणि पैसे ठेकेदार काढून 'खर्च वजा करून' द्यायचा. मालकाला खरंच माहीत नव्हतं. त्यानं त्याच दिवशी कार्डं मुलांच्या हातात दिली आणि ठेकेदार बदलला. कागदपत्रं किंवा कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात असणं हेही त्या अकरा लक्षणांपैकीच. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचं आधार कुणाच्या खिशात आहे ते एकदा बघा.

शुल्कसवलतीची फाईल वेगळी ठेवा, हमीपत्राशी तिची गल्लत करू नका. तुमच्या मालाचा सहा आकडी कोड ६४०३२०. चामड्याचा तळ, पायावरून जाणारे चामड्याचे पट्टे आणि अंगठ्याभोवतीचा पट्टा असं त्याचं जगभर एकच वर्णन आहे, जणू आपली कोल्हापुरी समोर ठेवूनच लिहिलंय. ब्रिटनच्या करारात निर्यातदाराला मालाच्या मूळ देशाचं स्वयंघोषणापत्र देता येतं. सोपं आहे, म्हणूनच जबाबदारीचं आहे: चामडं कुठलं, कुठल्या बिलानं आलं, बक्कल किंवा सोल्यूशन परदेशी असेल तर किती किमतीचं, हे सगळं मागितल्या दिवशी दाखवता आलं पाहिजे. करार लागू असल्याची तारीख आणि तुमच्या कोडसमोरचा दर डीजीएफटीच्या (आपल्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) आणि ब्रिटनच्या शुल्क-संकेतस्थळावर बघूनच इनव्हॉइसवर दावा लिहा.

'कोल्हापुरी' हे नाव वापरायचं असेल तर भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. ते २०१९ ला मिळालंय, आपल्या बाजूचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपल्या चपलेसारखीच चप्पल नाव न घेता आणली, तेव्हा लक्षात आलं की भारतातली नोंदणी इटलीत हात पोहोचवत नाही. गदारोळानंतर त्यांनी प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. चांगलं झालं. पण त्या बातम्यांमध्ये वेणीच्या बाईला जोडीमागे किती मिळणार हा प्रश्न मला क्वचितच दिसला. नावाचा हक्क आणि हाताचा मोबदला हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि दुसरा तुमच्या वहीत आहे.

तर क्रम असा ठेवा. आधी वही आणि उचलीचं खातं सरळ करा, मग दराचा हिशेब. जे आज पाळता येतं त्या ओळींवर होकार द्या. जे पाळता येत नाही तिथं 'सहा महिन्यांत करू, असं असं करून' असं लेखी द्या. बहुतेक हमीपत्रांत सुधारणेच्या योजनेची सोय असते, ती कुणी वाचत नाही. घरून होणाऱ्या कामाच्या कलमाची दुरुस्ती, वाढीव दर आणि निम्मा ॲडव्हान्स एकाच पत्रात मागा. ॲडव्हान्स आला तर बायकांचे पैसे आठवड्याला रोख देता येतील आणि नव्या उचलीची वेळच कमी येईल. या पत्राचं उत्तर हातात पडेपर्यंत ऑर्डर स्वीकारल्याचा मेल पाठवू नका; बहुतेक पर्चेस ऑर्डरवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की ऑर्डर स्वीकारली म्हणजे हमीपत्रही जसंच्या तसं स्वीकारलं.